शेवंतीची आयाळ

धुतलेली आयाळ त्याच दिवशी वेणीला घेऊ नये. नुकत्याच धुतलेल्या केसांना पकड नसते, पेड बोटांतून निसटतात आणि नवरदेव मांडवात पोचायच्या आत वेण्या सुटून लोंबायला लागतात. म्हणून आयाळ आदल्या दिवशी दुपारी धुवायची, अंगचं थोडं तेल पुन्हा केसांत उतरू द्यायचं आणि लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता बोटं पाण्यात बुडवून कामाला लागायचं. हे मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना स्वतःची सही येत नव्हती, पण घोडीच्या मानेवर नुसता तळवा ठेवून ते सांगत की आज हिचं पोट बरं नाही, किंवा ही कशाला तरी भ्यालेली आहे. ते जे वाचत ते मला कधी वाचता आलं नाही, आणि मी जे वाचत होते त्याचं त्यांना भारी कौतुक. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते या कौतुकापासूनच सुरू होतं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

कापडे गावात आमची भाताची खाचरं होती, एक बैलजोडी, एक म्हैस आणि ही पांढरी घोडी, शेवंती. आजोबांचा महाडात टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा गेला, पण घरातली घोडी ठेवायची सवय काही गेली नाही. लग्नसराईत पोलादपूर, महाड, पार पाचाडपर्यंतची माणसं शेवंतीला ठरवायला आमच्या ओटीवर येऊन बसत. बँडवाले तिला बिजली म्हणत, कारण त्यांच्या लेखी लग्नातली प्रत्येक घोडी बिजलीच. आबांना ते आवडत नसे. ते म्हणायचे, तुझ्या बायकोला मी दुसऱ्या नावानं हाक मारली तर चालंल काय रे? गोठा घराला लागूनच होता. मधल्या कुडाला फटी होत्या, त्यातून शेवंती भिजवलेले हरभरे चावायची त्याचा कुडुम कुडुम आवाज स्वयंपाकघरात यायचा. आम्ही तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खात असायचो, कधी सुकट असायची, आणि आई म्हणायची, त्या बाईचे हरभरे बघा आणि आपली पिठी बघा, पुढल्या जन्मी मला घोडीच कर म्हणावं देवा. आबा हसायचे नाहीत. ते उठून हरभऱ्यात गुळाचा खडा टाकून यायचे.

वेण्या घालायचं काम माझ्याकडे आलं ते आबांची बोटं आखडायला लागली म्हणून. लाकडी खोक्यावर उभं राहायचं. आयाळ सगळी उजव्या अंगाला पाडून घ्यायची, कारण नवरदेव डावीकडून चढतो. मग फणीने चार-चार बोटं रुंदीचे भाग करायचे आणि प्रत्येकाचे तीन पेड. पहिले तीन वळसे घट्ट, अगदी मानेला चिकटून, नाहीतर वेणी पुढे झुकते. अर्ध्यावर आलं की लाल आणि पिवळी लोकर पेडात मिसळायची, टोकाला गाठ, टोक आत दुमडायचं आणि वर गोंडा. वेण्या अकरा. नऊ चालतील, तेरा चालतील, पण सम कधीच नाही. आणि त्यांतली शेवटची, मान संपून पाठ सुरू होते तिथली, ती आम्ही घालायची नाही. ती मोकळी ठेवायची. मारुतीच्या देवळापुढे नवरदेव चढायच्या आधी करवली, म्हणजे त्याची लहान बहीण, ती वेणी घालते. तिला जमेल तशी घालते, वेडीवाकडी, आणि मग घोडी त्या घरची झाली असं समजायचं. हा रिवाज दुसरीकडे कुठे मी पाहिला नाही. आमच्या आजोबांनी काढला असेल. पण आमच्या घोडीच्या बाबतीत लोक तो हट्टाने पाळत, आणि लहान लहान पोरी परकर सावरत खोक्यावर चढायला आधीपासून भांडत.

मी तेव्हा महाडच्या कॉलेजात अकरावी संपवली होती. आमच्या घरात, दोन्ही बाजूंच्या भावकीत, माझ्याआधी कोणी दहावीचा उंबरठा ओलांडला नव्हता. सकाळची एसटी पकडायची, दुपारी परत. एसटीत कारखान्यांच्या पहिल्या पाळीहून सुटलेली माणसं असायची, डुलक्या घेणारी, त्यांच्या कपड्यांना औषधासारखा वास. मी पुस्तक उघडून बसायचे, वाचत असले नसले तरी. घरी पोचले की वाचायला माणसं थांबलेली असत. पोस्टाचं पत्र, खताच्या गोणीवरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं, कोर्टाचा एखादा कागद. मी एकदा नजर फिरवायची आणि सांगून टाकायची. बहुतेक वेळा मला कळलेलं असायचं. जे कळलं नसेल ते मी अंदाजाने जुळवायची, आणि अंदाज बहुतेक बरोबर निघायचा. 'येत नाही' हे दोन शब्द मी त्या घरात कधी उच्चारले नव्हते. मला ते परवडणारेही नव्हते. भावकीतले लोक आबांना सरळ विचारत की पोरीला एवढं शिकवून काय घोडीवर बसवणार आहेस? आबा म्हणत, ती वाचून दाखवते ते एकदा ऐक, मग बोल. म्हणजे मी वाचून दाखवते यावर माझं कॉलेज उभं होतं. अभिमान मला होता आणि आजही आहे, ते मी लपवत नाही. पण त्या अभिमानाच्या तळाशी भीती होती हेही लिहिलं पाहिजे.

त्या वैशाखात नदी आटून डोहाडोहांवर आली होती. शेवंतीच्या धुण्याला पाणी साठवायला भांडं नव्हतं. माझा मामा, दत्तूमामा, औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. कारखान्याचं नाव इथे नको, पुढे जे झालं ते त्यातल्या कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मामाने भंगारातून एक निळं पिंप मिळवलं आणि एसटीच्या टपावर घालून घेऊन आला. तो ते खांद्यावरून अंगणात उतरवताना म्हणाला की तीनदा धुतलंय, आता त्यात काय नाय. आई लगेच हंडा घेऊन धावली, पण आबांनी तिला थांबवलं. त्यांनी पिंप फिरवून फिरवून पाहिलं. तळाला पांढरा थर होता, मिठाच्या ढेकळासारखा, काठीने खरवडला तरी निघेना. बाहेरून कागद चिकटवलेला, अर्धा फाटलेला.

"आधी ह्यात काय व्हतं ते वाचून सांग गो," आबा म्हणाले.

मी वाकले. कागदावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, त्याचा पुढचा भाग फाटून गेलेला. खाली बारीक अक्षरं, त्यातले एक-दोन शब्द ओळखीचे, बाकीचे नाहीत. आणि एक चित्र होतं. एक हात, त्यावर नळीतून थेंब पडतायत. मामा बघत होता, आबा बघत होते, शेजारचा गणू बैल बांधायचं सोडून कुडावर हात टेकून उभा होता. मी चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, साबणाचं पाणी होतं, हात धुवायचं.

मामाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आबा गणूकडे बघून म्हणाले, बघितलंस, एका मिंटात. तरी माणसांना प्यायला त्यातलं पाणी घ्यायचं नाही असं त्यांनी आईला बजावलं, कारण साबण झाला तरी पोटात नको. त्या एका वाक्याने आमचं अख्खं घर वाचलं. पण तळचा थर खरवडायचं मात्र राहिलं, कारण मीच म्हणाले की साबणच आहे तर राहू दे, शेवंतीच्या आयाळीला होईल, परवा पोलादपूरचं लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिंपात दोन कळश्या पाणी ओतलं आणि काठीने ढवळलं. पाणी कोमट झालं. मला वाटलं, उन्हाने. बोटं घातली तर बुळबुळीत लागलं, साबणासारखंच, फेस मात्र येत नव्हता. काथ्याच्या बोळ्याने मी ते शेवंतीच्या मानेवर केसांच्या मुळापर्यंत चोळलं. ती सुरुवातीला स्वस्थ होती. मग कातडी थरथरवायला लागली, माशा बसल्यावर थरथरवतात तशी. मी तिला गप म्हटलं. पाणी कमी होतं म्हणून वरून एकच कळशी ओतून धुतलं, आणि केस अजून बुळबुळीत लागत होते त्याला मी तकाकी समजले. संध्याकाळी माझी बोटं चुरचुरत होती. मी त्यांना खोबरेल लावलं.

पहाटे खोक्यावर चढले. उजेड नुकता फुटत होता. फणी पहिल्यांदा फिरवली तर केसांचा पुंजका फणीतच आला. मानेच्या मधोमध, हातभर लांबीत, कातडी पांढुरकी आणि मऊ झाली होती, भिजलेल्या भाकरीसारखी. मी बोट लावलं तर वरचा पापुद्रा सरकला आणि खाली लाल. शेवंतीने मान खाली घातली, पण हलली नाही. इतकी वर्षं त्या खोक्याची सवय होती तिला. आबा अंगणात झूल झटकत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, झालं का गो?

मी म्हणाले, होतंय.

तेव्हा मी त्यांना हाक मारू शकले असते. ते वाक्य मी मनात पूर्ण तयार केलं होतं. पण हाक मारली असती तर पुढचा प्रश्न कोणता आला असता तेही मला ठाऊक होतं. मी काय केलं ते सांगते, कारण ते मी फार हुशारीने केलं. जिथले केस शाबूत होते, म्हणजे कानांमागचे आणि पाठीकडचे, ते लांब घेतले. दोन्हीकडून मधल्या जागेवर तिरके ओढून आणले आणि लोकर नेहमीच्या तिप्पट मिसळून अकराच्या जागी, करवलीची धरून, नऊ जाड वेण्यांचा मेळ बसवला. त्यावर गोंडे, त्यावर झेंडूच्या माळा. कातडीचा इंचही दिसत नव्हता. आबा आले, लांबून पाहिलं, म्हणाले की आज बाई नवरीसारखी दिसते. हात फिरवला नाही. त्यांच्या हाताला घोडीच्या गळ्यातल्या पितळेच्या ठुशा घासून काळं लागलेलं होतं, ते पांढऱ्या घोडीला लागेल म्हणून. मी ते पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पोलादपुरात मारुतीच्या देवळापुढे बँड लागला होता. ऊन चढलेलं. करवली सात-आठ वर्षांची, हिरवा परकर, नाकात नवी चमकी. आबांनी लगाम धरला, मी खोकं ठेवलं आणि पोरीला वर चढवलं. शेवटची वेणी मोकळी होती. तिथले केस मी त्यातल्या त्यात बरे समजले होते, पण कालपासून ते खालून सुटत आले असणार. पोरीने तीन पेड केले आणि आईने घरी शिकवलं असेल तसं पहिला वळसा घट्ट बसावा म्हणून जोर लावून खेचलं. वेणी अख्खी तिच्या हातात आली. मुळाला कातडीसकट. पोर ओरडली नाही. ती हातातल्या केसांकडे बघत राहिली, आणि तिच्या नव्या बांगड्यांवर रक्त होतं.

मग शेवंती उभी राहिली, मागच्या पायांवर. त्या बाईने जन्मात असं केलं नव्हतं. मी पोरीला ओढून घेतलं. आबांनी लगाम सोडला नाही. सोडला असता तर ती गर्दीत घुसली असती, हे तिथल्या एकाही माणसाने पुढे लक्षात घेतलं नाही. ती वळली आणि आबा तिच्या आणि देवळाच्या कठड्याच्या मध्ये सापडले. गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला, कारण बँड तोवर थांबला होता.

आबा खाली पडलेले, आणि लोक घोडीची मान बघत होते. माळा तुटल्या होत्या, वेण्या सरकल्या होत्या, सगळं उघडं पडलं होतं. नवरदेवाचा मामा पुढे आला. तो म्हणाला, शुभकार्याला खरजुली घोडी आणलीस? वर फुलं लावून? लाज नाय वाटली? दुसरा कोणी म्हणाला की पोरीला हात धुवायला लावा आधी, रोग लागंल. आबा कठड्याला टेकून शेवंतीच्या मानेकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पायाचं दुखणं नव्हतंच. ते म्हणाले, "मला ठाव नव्हतं. आईशप्पथ मला ठाव नव्हतं." आणि कोणी विश्वास ठेवला नाही, कारण ज्याची घोडी त्याला ठाऊक नसेल असं कसं होईल. नवरदेव जीपमधून गेला. त्याच जीपने मग आबांना महाडला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, एवढी माणुसकी त्या लोकांनी दाखवली.

शेवंतीला मी एकटीने कापड्याला चालवत आणलं. रस्ता सगळा उन्हाचा. ती माझ्यामागे मान खाली घालून येत होती, लगाम ओढावा लागला नाही. वाटेत करंजाच्या सावलीत थांबून मी एक एक वेणी सोडली, आणि वेणीबरोबर केस येत गेले. मी ते केस रस्त्यावर टाकले नाहीत, ओटीत घेतले. एक मोटरसायकलवाला थांबला, कामावर निघालेला. घोडीला काय झालं ताई, म्हणाला. मी लगाम धरून चालायला लागले तेव्हा तो गेला.

घरी आल्यावर मी आधी पिंपाकडे गेले. कागद होता तिथेच होता. या वेळी मी शब्दांच्या नादाला लागले नाही, चित्र बघितलं. त्या हाताला थेंब पडत होते तिथे खाच पडलेली दाखवली होती. हात धुतला जात नव्हता, खाल्ला जात होता. शेजारी एक पट्टी होती, तीही तशीच खाल्लेली. अडाणी माणसाला कळावं म्हणूनच ते चित्र काढलेलं असतं. आबांना दाखवलं असतं तर त्यांना कळलं असतं. आई मागे येऊन कधी उभी राहिली मला कळलं नाही. तिने माझे हात धरले आणि उलटे करून बघितले. बोटांची टोकं सोलली होती. तिने चित्र बघितलं, पुन्हा बोटं बघितली. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती कुऱ्हाड घेऊन आली, पिंप फोडलं आणि तुकडे खाचराच्या बांधाखाली पुरले. हात झटकत ती म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाय. पाय गेला, घोडी जाईल. आता तू तरी राहू दे त्यांना."

आबा दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून परत आले आणि त्यांनी आपली खाट गोठ्याच्या पडवीत टाकायला लावली. तिथून शेवंती दिसायची. तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी जखम पाहिली, वास घेतला, आणि म्हणाले की हे खरजेसारखं दिसत नाही, भाजल्यासारखं दिसतं, काही लागलं होतं का, चुना, काही औषध? आबा म्हणाले, नाय ओ साहेब, पोरीनं साबणाच्या पाण्यानं धुतली, तिलाच विचारा, कॉलेजात हाय ती. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी कोमट पाण्याचं घमेलं धरून उभी होते, हात फडक्यात गुंडाळलेले. आई गोठ्याच्या दारात. खरं बोलले असते तर कदाचित वेगळं औषध मिळालं असतं. कदाचित नसतंही. ते मला कधीच कळणार नाही.

मी म्हणाले, "साबणाच्या पाण्याने."

उन्हाळा वाईट होता. जखमेत किडे झाले. आम्ही रोज धुवायचो, कडुनिंबाचा पाला वाटून लावायचो, डॉक्टरांची पूड टाकायचो. ती हरभरे तोंडात घ्यायची आणि तसेच सोडायची. कुडापलीकडून काही ऐकू येईनासं झालं आणि आम्ही तिघं पिठी-भाकरी मुकाट्याने खायचो. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी ती बसली ती उठलीच नाही. खाचरापलीकडे खड्डा खणायला गणू आणि भावकीतले दोघे आले. आबांना खाटेसकट उचलून तिथपर्यंत न्यावं लागलं, कारण ते ऐकेनात.

त्यानंतर आमच्याकडे घोडी आली नाही. आली असती तरी बोलावणं आलं नसतं. आबांचा पाय कायमचा वाकडा राहिला. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. ओटीवर कोणी येऊन बसलं, चहा झाला, पावसापाण्याचं झालं की आबा त्याच गोष्टीवर यायचेच. की मी रोज तिच्या मानेवरून हात फिरवायचो, एक दिवस चुकला नाही, आणि त्याच दिवशी फिरवला नाय. हाताला पितळेचं काळं होतं म्हणून. धुवून फिरवला असता तर कळलं असतं, अंगात रोग घेऊन तिला मी उन्हात नाचवायला नेली. येणारा म्हणायचा, जाऊ द्या हो. ते नाही जाऊ द्यायचे. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असायची आणि हे सगळं ऐकायची, बारावीची दोन सत्रं, मग बी.ए.ची तीन वर्षं. माझं कॉलेज कोणी बंद केलं नाही. उलट आबा आता म्हणायचे की माझं तर संपलं, आता काय असेल ते हिचंच.

मी बी.ए. झाले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात गावाने सत्कार केला. नारळ, शाल, सरपंचांचं भाषण. आबा काठी टेकत पहिल्या रांगेत. परत आल्यावर ते ओटीवर पाय लांब करून बसले, आणि मला वाटलं की आता सांगितलंच पाहिजे. आता माझ्याकडून घेण्यासारखं कोणी काही घेऊ शकत नव्हतं. आई चूल पेटवत होती. मी आबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. शब्द कळला नव्हता ते, चित्र, कोमट पाणी, पहाटेची कातडी, नऊ वेण्या, डॉक्टर. काही गाळलं नाही. शेवंतीला रोग नव्हता, मी भाजली तिला, असं अगदी या शब्दांत सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाय गो," ते म्हणाले. "तू कशी चुकीचं वाचशील?"

"तेव्हा येत नव्हतं मला, आबा."

"अकरावी शिकलेली व्हतीस. खरूजच होती ती. हात मी नाय फिरवला."

मी हात पुढे केले, बोटांची टोकं दाखवली. त्यांनी ती धरली, बघितलीही. म्हणाले की तिची सेवा करताना लागलं तुला ते, किडे काढत होतीस ना. एवढ्यात गणू, सरपंच आणि आणखी दोघे-तिघे चहाला आले. आबांनी त्यांना बसायलाही दिलं नाही. म्हणाले, ऐका, आत्ता हिनं काय केलं. शेवंतीचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला निघाली. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, कुठली कुठली गोष्ट रचली. शिक्षण म्हणतात ते हे. सरपंच म्हणाले की असली पोर मिळायला नशीब लागतं. मी म्हणाले, अहो नाही, खरंच सांगते मी. "बघा," आबा म्हणाले, "अजून तेच," आणि सगळे हसले, मायेने. आबांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. मी आत चहा आणायला गेले तेव्हा आईने कपबशा माझ्यापुढे सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, झालं समाधान?

पुढे मी शिक्षिका झाले, आयुष्यभर वर्गात उभी राहिले. आबांना मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते चिडले. म्हणाले, किती वेळा त्या मुक्या जनावरावरून स्वतःला कमीपणा घेशील? शेवटच्या आजारपणातही त्यांचा तोच धोशा होता, की हात फिरवायला पायजे होता. ते गेले तेव्हा भेटायला बरीच माणसं आली. त्यांत पोलादपूरचे एक गृहस्थ होते, त्या लग्नघरातले, आता म्हातारे झालेले. ते आईशी बोलले, मग माझ्याकडे आले. म्हणाले, मुली, तुझ्या वडिलांनी मला ती घोडीची गोष्ट सांगितली होती. त्यांची चूक तू आपल्यावर घेतलीस. फार मोठं मन लागतं त्याला.

भिंतीला टेकून बसलेली आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो."